कूलरचं निमित्त

१२ मे
सुनंदाचं अंथरूण आजही हॉलमध्ये. कारण कूलर. "तुमच्या डोक्याले गार झोत नको, अन् मले कूलरशिवाय झोप येत नाही." नागपूरच्या मे महिन्यात बायकोच्या या युक्तिवादाला उत्तर नाही. फेब्रुवारीत हिंगणा रोडवर मोटरसायकलवरून पडलो, कवटी उघडून पुन्हा शिवली, दवाखान्यातून घरी आलो त्या दिवसापासून ती बाहेर झोपते. फेब्रुवारीत कूलर नव्हता. इथे लिहून ठेवतो. तिला म्हणालो नाही.

३० जून
डॉक्टरांकडे. डोकं दुखतं का, चक्कर, झोप, भूक. पोट साफ होतं का, हे दोनदा. पोटाबद्दल वैद्यकशास्त्राला एवढा जिव्हाळा असेल असं वाटलं नव्हतं. त्याच्या वीतभर खाली मात्र कोणी उतरत नाही. मीही उतरलो नाही. सु. शेजारी बसून पर्समध्ये उगाच काहीतरी शोधत होती. "आणखी काही?" डॉ. म्हणाले. आम्ही दोघं एकदमच: "नाही."

५ जुलै
स्वतःपुरतं. काही होत नाही. सकाळीसुद्धा नाही. त्याहून वाईट म्हणजे व्हावंसंच वाटत नाही. भूक मेलेल्या माणसाला जेवणाची आठवण यावी, तशी आठवण येते. बस.

१९ जुलै
पाऊस लागला. कूलर बंद. त्याच्या वाळ्याच्या ताट्या काढून गच्चीवर टाकल्या. संध्याकाळभर वाट पाहिली. सु.नं अंथरूण घातलं ते हॉलमध्येच, बंद कूलरसमोर.
विचारलं नाही. काय विचारणार? आत ये म्हणायचं, आणि ती आली तर?

२ ऑगस्ट
मधू खापरखेड्याहून आला. शाळेपासूनचा मित्र, वीज केंद्रात आहे. त्याला टपरीवर सांगितलं. पहिल्यांदाच कोणाला तरी. त्यानं उरलेला चहा एका घोटात संपवला. मग, "अबे, फिट येऊ नये म्हणून गोळ्या खाऊन राहिला ना तू? त्यानंच होते ते. आमच्या शिफ्टमधल्या एकानं सोडल्या. आता दोन पोरं आहेत त्याले."
"आधीची असतील."
"तुले मरतानाही जोक सुचन बे."
घरी येईपर्यंत हसू पुरलं नाही.

९ ऑगस्ट
सकाळची गोळी घेतो. रात्रीची बेसिनमध्ये. सु. हातावर ठेवते, पाणी देते, वळते, तेवढ्यात. डोकं हलकं वाटतं. बाकी ठिकाणी सामसूम.

२४ ऑगस्ट
काल तान्हा पोळा. गल्लीतली पोरं लाकडी बैल घेऊन दारात आली. त्यांच्या हातावर काही ठेवायला उठलो, एवढंच आठवतं. पुढचं सु.कडून: कोसळलो, हातपाय झाडले, तोंडाला फेस. पोरं बैल टाकून पळाली. रात्र दवाखान्यात. जीभ चावली गेली आहे. आजवर तिचे फटके ज्यांनी खाल्ले त्यांना बरंच वाटलं असेल.

२५ ऑगस्ट
सु.ला सांगून टाकलं, गोळी टाकत होतो. कशासाठी, तेही. वाटलं, ओरडेल. ती भाजी निवडत होती, हात थांबले.
"मले वाटे, तुम्हाले माहीत आहे."
काय?
"सुट्टी देताना डॉक्टर म्हणाले होते, धाप लागन असं काही करू देऊ नका. कधीपर्यंत, ते नाही सांगितलं. मी कोणत्या तोंडानं विचारू? मले भेव वाटे. माझ्याजवळ असतानाच डोक्यात काही फुटलं तर..." मग हळूच, "म्हणून कूलर."
म्हटलं, मी तर समजत होतो तुला माझी शिसारी आली.
"येडे झाले का तुम्ही?"
कवटी शिवलेल्या माणसाला विचारायचा प्रश्न नव्हे. पण ती रडत होती, म्हणून भाजी पुढ्यात ओढून निवडायला लागलो.

१ सप्टेंबर
पुन्हा डॉक्टर. "आणखी काही?" या वेळी सु. बोलली. सगळं. मी भिंतीवरचा मेंदूचा तक्ता वाचत बसलो.
डॉ.नी पेन खाली ठेवलं. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, जिवावर बेतेल. बदलता येते का ते तेच पाहतील. धापेचं बंधन सुरुवातीपुरतं होतं. आणि डोक्याला मार लागला की मेंदूखालची एक ग्रंथी मंदावू शकते, इच्छा जाते, पुष्कळांना होतं. रक्त तपासून कळतं.
"मग आधी काहून नाही सांगितलं?" सु.
"तुम्ही विचारलं नाही."
आम्ही विचारलं नाही, त्यांनी विचारलं नाही. पोट तेवढं साफ होतं.

५ सप्टेंबर
सकाळी उपाशीपोटी रक्त दिलं. रिपोर्ट सोमवारी. त्यात काय निघेल... नाहीच काही निघालं, तर मग?
सु.नं उशी आत आणली. म्हटलं, अगं, मी अजून...
"मी काही मागून राहिले का?"
शेजारी टेकली. टाक्यांच्या जागी हात ठेवला. केस आले आहेत तिथं, खड्डा तसाच. "दुखते?" नाही. "इथं?" नाही. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा असा हात लावला.
बाकी काही झालं नाही. व्हावंसंही वाटलं नाही. पण तिनं हात काढू नये, असं मात्र फार वाटत होतं. हे कशात मोडतं, डॉक्टरांना विचारायला हवं.