आरशात सरळ बसलेला चष्मा

३ मार्च, मंगळवार
आणि वर मलाच ऐकवतात! कारखान्याच्या रायफल क्लबात धाकट्या जावेला नेलं कोणी? मी. पालथं झोपून रायफल कशी धरायची ते दाखवलं कोणी? मी. आता टीममध्ये एकच जागा उरलीय, तर क्लबात नेम शिकवणारा मास्तर सगळ्यांदेखत म्हणतो, पंधरा तारखेला दोघींपैकी जिचा नेम चांगला लागेल ती जाईल. दोघींपैकी! जशा काही आम्ही एका बाकावरच्या.
हल्ली माझ्या गोळ्या डावीकडे जातात. जाणारच. घरचा चष्मा घालून आडवं झालं की काचेच्या कोपऱ्यातून बघावं लागतं. नेमबाजीचा खास चष्मा घेणार. विषय संपला.

५ मार्च, गुरुवार
घेतला. एका डोळ्यापुढे गोल काच, दांडीवर हवी तशी सरकते. दुसऱ्या डोळ्यापुढे पांढरी झापड. जाऊ शेपटासारखी मागे आलीच. तिनंही तसाच घेतला, डबीसुद्धा तीच. दुकानदार म्हणाला, नंबर जवळपास सारखाच, बहिणी का? मी म्हटलं, काच दाखव, नाती काढू नकोस.
मास्तरनं सांगून ठेवलं होतं की रायफलच्या नळीच्या टोकावरची, नेम धरायची कडी स्वच्छ दिसेल अशी काच घ्या, टार्गेट जरा धूसर राहिलं तरी चालेल. वा रे वा! ज्याला मारायचं तेच धूसर? उद्या म्हणेल डोळे मिटून मारा. मी टार्गेट लख्ख दिसणारी काच घेतली. जावेनं मुकाट्यानं मास्तरवाली. तिला स्वतःचं डोकं कधी होतं?
बाहेर आल्यावर म्हणते, ताई, दोन्ही अगदी सारखेच दिसतात हो, ओळखायचे कसे? मी म्हटलं, मला माझी वस्तू अंधारातही ओळखू येते.

८ मार्च, रविवार, दुपारी
मास्तरनं जावेला मॅटवर झोपवलं, गाल रायफलच्या दस्त्यावर टेकवायला लावला आणि मग तिची काच एवढीशी इकडे, एवढीशी तिकडे करत बसला. म्हणे नेम धरताना डोकं जिथं असतं, तिथं काच नजरेसमोर सरळ यायला हवी. उभ्यानं बसवून उपयोग नाही. मग दांडीवर पेन्सिलीनं खूण केली, काच सरकली तर कळावी म्हणून. कौतुक नुसतं!
मग मला बोलावलं. मी म्हटलं, मला घरी कामं आहेत.
न्हाणीघरातल्या आरशासमोर ताठ उभी राहून माझा मीच बसवला. कसा सुतात! लाँड्रीत कामावर चादरीच्या कडा मी नुसत्या नजरेनं जुळवते, मला हा सरळ-वाकडं शिकवतो. स्क्रू गच्च आवळले. आमचे हे मागून विचारतात, तू काय उभ्यानं नेम मारतेस? मी म्हटलं, तुम्ही दाढी करा.

११ मार्च, बुधवार
सराव. गोळ्या भलतीकडेच. दिवे पिवळे होते. मॅट एका बाजूनं दबलेली. शेजारची बाई सारखी खोकते, सांगितलं तर आणखी खोकते.
काचेची कडा मधे येते, ते मान अवघडल्यामुळे. मान सुधारणार. काच हलणार नाही. मास्तर म्हणाला, स्क्रू सैल करून बघू या? मी म्हटलं, हात तर लावून बघ.

१५ मार्च, रविवार
जिंकले! सगळ्या गोळ्या मधोमध, एकमेकींना चिकटून! काळं टार्गेट आज जरा लोकरीसारखं दिसत होतं, कुणीतरी बाहेर कचरा जाळला असणार. कडी मात्र काय लख्ख! आणि मान म्हणावी तर आपोआप जागेवर. बोलले होतेच मी.
जावेच्या गोळ्या कागदभर. डोळे भरून आले तिचे. बाकावरून आपली डबी उचलताना मी तिच्या पाठीवर हात ठेवला, म्हटलं, चष्म्यानं काही होत नाही गं, डोळा लागतो.

१६ मार्च, सोमवार
जाऊ सकाळीच दारात. म्हणे, ताई, तुमची डबी बघू. उघडली, तर दांडीवर पेन्सिलीची खूण. काल नेम मारायच्या आधीच बाकावर डब्यांची अदलाबदल झालेली. मी तिच्या चष्म्यानं मारलं, तिनं माझ्या.
मास्तर म्हणतो, येत्या रविवारी दोघी पुन्हा मारा, आपापला चष्मा लावून. का? चष्मा कोणाचाही असो, डोळा माझाच होता ना? चाप माझ्याच बोटानं ओढला ना? जाऊ म्हणते, ताई, मास्तरांकडून तुमची काच बदलून, झोपून नीट बसवून घ्या, मी थांबते सोबतीला. हिची दया नकोय मला.
माझ्या चष्म्यात काडीची खोट नाही. ती गेल्यावर पुन्हा आरशात बघायचं होतं, पण माझा चष्मा तिच्याकडेच आहे, आणि राहू दे. मी मोठी जाऊ. एवढा सरळ बसवलेला चष्मा तिला कायमचा देऊन टाकायला तयार आहे. तिचा खुणेचा मी चालवून घेईन. दोन्ही सारखेच, असं दुकानाबाहेर तीच म्हणाली होती. संध्याकाळी तिला हे सांगितलं तर फिदीफिदी हसली. त्यात हसण्यासारखं काय?
मीही ठणकावलंय. अदलाबदल पक्की की नाही, एका शब्दात सांग. खुणेची डबी माझ्या कपाटात आहे आणि किल्ली माझ्या कमरेला. शनिवारपर्यंत उत्तर हवं.