खालचं पाणी

अंबरनाथ,
ता. १८ मे २०२५

प्रिय नरेंद्रा,

सप्रेम जय भीम. इकडे सगळं ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा कुरकुरतो, पण तोंड शाबूत आहे. तिकडे नागपूरच्या उन्हात जपून राहा.

गावाकडचं सांगायचं आहे. वांगणीला उतरून मी आणि माझी लेक भावना पठारावर जाऊन आलो. गुरं चरायचा सगळा माळ वाळून गेलाय, कातळावरची डबकी आटलीत. पायथ्याच्या, वरच्या आळीच्या विहिरीतही चिखलच उरलाय. वाहतोय फक्त कपारीतला आपला झरा.

पाण्याच्या जागांचा नकाशा करायला पंचायतीने चैत्राली नावाची मुलगी आणली होती. तिने पठारावरच्या झऱ्याला 'वरचं पाणी' लिहिलं आणि पायथ्याच्या विहिरीला 'खालचं पाणी'. ग्रामसभेत सगळे हसले. "उलटं झालं, मॅडम." ती म्हणाली, "पण झरा तर वर आहे ना?" मग कोणी हसेना.

आपली भावना उभी राहिली. "मॅडम, नावं जागेवरून नाही पडली, पिणाऱ्यांवरून पडली. आम्ही खालचे." सरपंच घाईघाईने म्हणाले, नाव बदलू, चांगलंसं देऊ. भावना म्हणाली, "नको. नाव तेच ठेवा. फक्त शेजारी उंची लिहा." माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू. आई असती तर तिने तिथेच पोरीचा मुका घेतला असता.

आता मुद्द्याचं. मघापासून टाळतोय.

दुसऱ्या दिवशी मी झऱ्यावर होतो, तेव्हा कमळाकर म्हशी घेऊन वर आला. हो, तोच. विहिरीच्या दोराला हात लावलास म्हणून त्याच्याच बापाने तुला फोडून काढलं होतं, आणि तू गाव सोडलंस. झऱ्यापासून लांबच थांबला. "भीमरावदादा, जनावरं तहानलीत. उतरवू का?" आजवर त्याच्या तोंडी मी भीम्या होतो.

नाही म्हणायचा अधिकार आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातात होता. तुझी वळ उठलेली पाठ डोळ्यांपुढे आली. तरी म्हणालो, "उतरव. पण आधी तू पी." तो वाकला आणि ओंजळीने प्याला.

मला या गोष्टीचा अभिमान वाटतो, आणि तुला राग येणार हेही ठाऊक आहे. तो पत्रातून नको, इथे येऊन काढ. मी गप्प बसून ऐकेन.

इतक्या वर्षांनी का होईना, त्यांना पाणी पाजून आलेला,
तुझा दादा
भीमराव