सहा कुऱ्हाडींचं पाणी

ता. २ फेब्रुवारी

चि. खिळ्यास,
अ. उ. आ. पुरत नसतील तर कळव, आणखी धाडते.

पेटी तुमच्या बचाव पथकाच्या ठाण्यावर पोचली असेल. आत सहा कुऱ्हाडी आहेत. तुमचे साहेब त्यांना टॉमहॉक म्हणतात, बाबा कुऱ्हाडच म्हणतात, आणि मी दोघांसमोर मान डोलावते. साहेबांना ती दार फोडायला हवी, तुमच्या उस्तादांना तंबूपाशी लाकडं तोडायला. फोडायला डोकं जड लागतं, दिवसभर पट्ट्याला अडकवून चालायचं तर हलकं. पाच महिने या ओढाताणीत माझ्या नाकी नऊ आले. शेवटी पुढे पातं, मागे चोच, पात्याच्या खाली खिळे उपटायला खाच, आणि दांड्यासकट साडेसातशे ग्रॅम. ना धड हे ना धड ते असं होऊ नये, एवढीच धास्ती आहे.

खरी बातमी पुढेच. सगळ्यांना पाणी बाबांनी दिलं! माझ्या कारखान्याची विजेची भट्टी यायला अजून महिना आहे आणि तुमची तारीख तर डोक्यावर. मी चिंतेत बसलेली पाहून म्हणाले, मी काय मेलोय? लोहारकीचं दुकान बंद करून चार वर्षं झाली, पण कारखान्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये कोळसा पेटवून, लोखंड लाल करून तेलात बुडवताना बाबांचा हात जराही अडखळला नाही. मी तापमान मोजायचं यंत्र पुढे केलं तर विचारतात, ताप कुणाला आलाय? घरी येताना गुणगुणत होते. आई गेल्यापासून मी ते ऐकलं नव्हतं.

सात केल्या होत्या, एक माझ्याकडे ठेवली आहे. वापरून काय खुपतं ते स्पष्ट लिही, बहिणीची भीड नको.

माया आहेच, तिचं पाणी उतरू देऊ नकोस.
तुझी ताई

ता. १५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. साष्टांग खरोखर घालणार होतो, पण इथे चिखल फार आहे.

भीड नको म्हणालीस, तर ऐक. हात ओला असला की दांडा फिरतो. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो असा भावावरच उलटेल असं वाटलं नव्हतं. पकडीला खाचा पाड. पात्याचं म्यान चालताना खुळखुळतं, गपचूप जायचं असलं की पंचाईत. आमच्या आचाऱ्याने त्याच कुऱ्हाडीने ढलप्या काढून चूल पेटवली आणि आता तो ती परत द्यायला तयार नाही.

पण चोच मात्र लाखात एक! परवा ओल्या दरडीवर उस्तादांनी चोच खडकाच्या फटीत अडकवून सगळा भार तिच्यावर टाकला. मग मीही लोंबकळलो. खाली तीस हात खोल होतं, पण बाबांनी पाणी दिलंय म्हटल्यावर भीती कसली? मी सगळ्यांना सांगून टाकलं, आमचा म्हातारा लोखंडाच्या रंगावरून त्याचं मन ओळखतो.

महिनाअखेरीस वरच्या वस्त्यांकडे निघायचं आहे. तिथे अवकाळी पाऊस फार झालाय आणि डोंगर खचतोय. सहाही कुऱ्हाडी घेऊन जाणार.

बाबांना नमस्कार. रागावत जा, म्हणजे घरात असल्यासारखं वाटतं.
तुझा खिळा

ता. २२ फेब्रुवारी

चि. खिळ्यास,
अ. उ. आ.

हे पत्र मिळताच सहाही कुऱ्हाडी पेटीत घाल आणि पेटीवर बसून राहा. थट्टा नाही.

तू लोंबकळलास हे वाचून मला राहवेना. म्हणून माझ्याकडची सातवी काढली, चोच व्हाइसच्या जबड्यात आवळून धरली, दांड्याला नळी घालून जोर लावला. ती आधी वाकायला हवी होती. वाकली नाही. काच मोडावी तशी मोडली. मोडलेल्या जागी जाड साखरेसारखे दाणे चमकत होते. चांगल्या लोखंडात तिथे राखेसारखा बारीक राखाडी पोत दिसतो, हे तुलाही ठाऊक आहे. पोलाद नको तेवढं तापलं.

कसं झालं ते कळायला मला दोन दिवस लागले. बाबांच्या दुकानाला खिडकी नव्हती. असलेला झरोकाही पोत्याने झाकलेला असायचा. लोखंडाचा लाल रंग अंधारातच खरा दिसतो म्हणून. आमच्या शेडच्या छपराला पारदर्शक पत्रे आहेत, आणि काम केलं भर दुपारी. त्या उजेडात लाल फिका दिसतो. बाबा रंग येण्याची वाट बघत राहिले आणि लोखंड तापत राहिलं. पन्नास वर्षांत त्यांनी उजेडात पाणी कधी दिलंच नव्हतं. मला हे सुचायला हवं होतं, कारखाना माझा आहे.

बाबांना सांगितलेलं नाही. सांगू कशी? त्या दिवसापासून सकाळी दाढी करून बसतात, कुणी कामाला बोलावेल म्हणून.

तुमच्या मुख्य कचेरीत गेले होते. तिथून वायरलेसवर निरोप जातो. कारकून म्हणाला, माल परत मागवायचा तर दोष कुठल्या कामात आणि ते काम कुणी केलं, त्याचं नाव लिहून द्या. बाबांचं नाव माझ्याने लिहवेना. मी लिहिलं, 'आराखड्यात चोच बारीक धरली गेली, चोचीवर भार देऊ नये.' झाकली मूठ सव्वा लाखाची. पातं जाड आहे, चार दिवस तग धरेल, तोवर हे पत्र पोचेल असा हिशेब केला. पण पात्याचीही खात्री नाही, खिळ्या. उस्तादांना काहीही सांग, पण वापरू नका.

उत्तर कारखान्याच्या पत्त्यावर लिही. घरी आलेलं पत्र बाबाच फोडतात.

जिवाला जप. बाकी काही मागत नाही.
ताई

ता. २४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितोय, बाहेर गाडी उभी आहे. तुझा वायरलेसचा निरोप मिळाला. उस्ताद म्हणाले, चूक आपणहून कळवणारी कारागीर पहिल्यांदाच पाहिली. चोचींना चिंध्या गुंडाळून टाकल्या आहेत. चोच बारीक तर बारीक, पातं बाबांचं आहे ना! वर घरं खचून दारं चौकटीत आवळली आहेत, आत माणसं आहेत. ती दारं पात्यानेच उचकटायची असं ठरलंय. पहारी जड म्हणून दोनच घेतल्या.

टपालाची गाडी मातीने अडलीय, त्यामुळे तुझं पत्र आलं असेल तर खालीच असेल. हे पत्र खाली पायी निघालेल्या गड्याबरोबर धाडतोय. आठ दिवसांनी लिहीन. बाबांना हे वाचून दाखव, खूश होतील.

आठवण काढ, पण काळजी करू नकोस.
खिळा

ता. २७ फेब्रुवारी

चि. खिळ्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र ताईच्या नावाचं होतं, पण घरी आलं म्हणून मी फोडलं. चोच बारीक असं त्यात वाचलं. ती चोच मी स्वतः कानशीने घासली आहे. बारीक नव्हती. म्हणून तडक कारखान्यात गेलो. ताईच्या खणात फडक्यात बांधलेली सातवी सापडली. दाणे पाहिले. पुढे कुणी काही सांगायची गरज उरली नाही. वर मान करून छपराकडे बघितलं, तेव्हा हे कसं झालं तेही समजलं.

ताई रडली. मी तिला फार बोललो. मला वाचवायला गेली आणि तुला पुढे केलं, असंही बोललो. ते बोलायला नको होतं. म्हाताऱ्याची लाज जपायला माणसाचा जीव टांगायचा नसतो, एवढंच म्हणायचं होतं.

मी आज कचेरीत जाऊन दुसरा निरोप दिला. 'सहाही कुऱ्हाडी बाद. पाणी चुकलं. पाणी देणारा मी, कारागिरिणीचा बाप.' कारकुनाने वय विचारलं. सांगितलं. मग त्याने पुढे काही विचारलं नाही आणि मला बसायला खुर्ची दिली. त्या खुर्चीचाच जास्त राग आला.

माझं चुकलेलं काम तुझ्या हातात आहे. हातातली टाक, बाळा. पहार जड असली तरी पहारच घे.

ताईवर रागावू नकोस. दोघांच्या वाटचा राग माझा करून झाला आहे.
वाट पाहणारा,
बाबा

ता. ५ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

अक्षर वाकडं आहे कारण डाव्या हाताने लिहितोय. आधी एवढंच वाचा की मी ठीक आहे.

सत्तावीस तारखेला सकाळी एका दाराच्या फटीत पातं घालून जोर दिला आणि पात्याचा कोपरा उडाला. तो उजव्या हाताच्या दोन बोटांत शिरला. डॉक्टर म्हणतात, शिवलंय, पण मूठ पूर्वीसारखी आवळेलच असं नाही. त्या दारामागच्या आजी आणि नात दोघी पहारीने सुखरूप निघाल्या. तुमचा निरोप संध्याकाळी आला. उस्तादांनी तो सगळ्यांना उभं करून वाचून दाखवला आणि पाचही कुऱ्हाडी स्वतः पेटीत टाकल्या. कुणी तुम्हाला नावं ठेवली नाहीत, बाबा. तुम्हाला हसलं तर मुळीच नाही.

एक मागणं आहे. निरोप कधी पोचला ते ताईला सांगू नका. सांगा, निरोप आधीच आला होता आणि खिळ्यानेच हट्टाने पातं घातलं. माझा हट्टीपणा तिला माहीत आहे, खरं वाटेल. नाहीतर पहिल्या निरोपातलं ते एक वाक्य ती जन्मभर उगाळत बसेल.

दोन्ही हातांनी नमस्कार, एक जरा बांधलेला आहे.
खिळा

ता. १६ मार्च

चि. खिळ्यास,
अ. उ. आ.

बाबांनी तुझं पत्र मला मोठ्याने वाचून दाखवलं. अथपासून इतिपर्यंत, तुझ्या मागण्यासकट. खोटं बोलून झालं तेवढं पुरे, म्हणाले. मी तुझ्या दोन बोटांची गुन्हेगार आहे. क्षमा मागत नाही, कारण तू लगेच देऊन टाकशील आणि मला ती पचणार नाही. कारकुनाने नाव विचारलं तेव्हा मी बाबांचं लिहायला हवं होतं, किंवा माझंच लिहून सगळ्या परत मागवायच्या होत्या. दोन्ही सुचलं होतं, म्हणून जास्त टोचतं.

तुमच्या साहेबांनी अजून एक संधी दिली आहे. विजेची भट्टी आली, पण बाबांना पुन्हा स्वतः रंग पारखून बघायचा होता म्हणून आम्ही शेडला आतून काळी ताडपत्री लावली आणि नव्या सहा कुऱ्हाडींना कोळशावरच पाणी दिलं. या वेळी सांडशी माझ्या हातात होती आणि बाबा मागे उभे होते. यंत्रही लावलं होतं. बाबा रंग बघून 'आता' म्हणत आणि यंत्राचा काटा नेमका हव्या आकड्यावर असे, सहाच्या सहा वेळा.

काल पहिली व्हाइसमध्ये धरली. चोच वाकली, खूप वेळाने मोडली. आत राखेसारखा बारीक राखाडी पोत. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. बाबांनी चष्मा पुसून ती निरखून पाहिली आणि म्हणाले, दुसरी लाव. दुसरीही तशीच निघाली. मग तिसरी लाव म्हणाले. मी सांगितलं, बाबा, एकाच पोलादाच्या आहेत, यंत्राचे आकडे सारखे आहेत, आता पुरे. त्यांनी ऐकलं नाही, नळी स्वतःच्या हातात घेतली. मी त्यांना थांबवू शकले असते. थांबवलं नाही.

सहाही चांगल्या होत्या, खिळ्या. सहाही मोडल्या. बाबांनी सगळे तुकडे बाकावर ओळीने मांडले, एकेकावरून बोट फिरवलं आणि मला हळूच विचारलं, आणखी आहे का एखादी?

तुझी,
ताई