सखूबाईच्या कोपरावरचा चट्टा

लोहारा, मंगळवार, मे १९७३

आज दुष्काळी कामावर मलमपट्टीला गेले होते. खडी फोडताना सखूबाईच्या बोटावर हातोडा बसला. रक्त दगडावर सांडत होतं, तरी बाई काम करतच होती. शेजारीण ओरडली तेव्हा तिला कळलं. पट्टी बांधताना पाहिलं, तर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही आधीपासूनच वाकडी झालेली. कोपरावर फिकट चट्टा. डोळे मिटायला सांगून चट्ट्यावर कापूस फिरवला. तिला काहीच कळलं नाही. महारोग.

"हा चट्टा कधीपासून आहे?"

"दोन वर्सं झाली की. तुमीच म्हणला होता, उन्हाचा हाय, खोबरेल लावा."

म्हणाले असेन. लस टोचायची घाई असेल. तोच चट्टा, आणि मी नुसता हातही लावून पाहिला नाही! नर्सच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, रोग होऊच द्यायचा नाही, झाला तर लवकर ओळखायचा, उशीर झालाच तर हातपाय वाचवायचे. मधली पायरी मीच घालवली. गोळ्यांनी रोग थांबेल, पण बोटं?

"चूक माझी झाली," मी म्हणाले.

तिने पट्टीचा हात पदराखाली घेतला. मग म्हणाली, "माजं ऱ्हाऊ द्या बाई. पोरींना बघा."

संध्याकाळी तिच्या घरी गेले. दोघी पोरींना दारात उजेडाला उभं केलं. पाठ, हात, पाय, कानाच्या पाळ्या, सगळं पाहिलं. काही सापडलं नाही. तसं सांगितलं.

"फिरून एकदा बघा," सखूबाई म्हणाली.

मी पुन्हा पहिल्यापासून पाहिलं.