वारा फिरला तेव्हा

नाशिक, फेब्रुवारी २००८, रविवार संध्याकाळ

मुक्ताचा फोन ठेवल्यापासून एक काम धड होत नाहीये. मेथी अर्धी निवडून तशीच पडली आहे.

केनियातल्या हॉटेलात नोकरीला गेलेली माझी लेक सुट्टीच्या दिवशी स्वतःला मोठ्या पतंगाला बांधून घेते आणि फळीवर उभी राहून समुद्रावर पळते. म्हणे दुपारचा वारा तिथे किनाऱ्याला धरून वाहतो, माणूस आत ओढला जात नाही. आणि काल तोच वारा फिरला. हिला थेट खाडीच्या तोंडापर्यंत घेऊन गेला. कोळ्यांच्या होडीने परत आणलं. हे सगळं तिने हसत सांगितलं.

"आता बंद कर हे," मी म्हटलं.

"आई, या आठवड्यात वारा फार छान आहे गं."

ह्यांनी विचारलं, काय म्हणते मुक्ता? मी म्हटलं, मजेत आहे. का खोटं बोलले? खरं कळलं असतं तर ह्यांनी तिला परत बोलावलं असतं. मग मला तेच हवंय ना? की नकोय? वारा फिरला तेव्हा तिला काय वाटलं असेल, हेच सारखं डोक्यात. मी तर गोदावरीतसुद्धा गुडघ्याच्या वर कधी उतरले नाही.

शेवटी गच्चीवर जाऊन पुन्हा फोन लावला. चांगलं खडसवायचं ठरवलं होतं. तिने "हॅलो" म्हटलं आणि माझ्या तोंडून निघालं, "पाणी कोमट असतं का गं तिथलं?"

ती म्हणाली, "ये ना. आधी कमरेएवढ्या पाण्यात नेईन तुला."

मी नाही म्हटलं नाही.