शनिवारचा ओव्हरटाइम

ताई,

तुमच्या भावाबद्दल लिहितेय, रागावू नका. सहा महिने झाले, दर शनिवारी दुपारी हे 'ओव्हरटाइम' म्हणून बाहेर पडतात. परवा शर्टाच्या खिशात एक पुडी सापडली, आत बारीक तपकिरी केस. माझं डोकंच भणभणलं.

काल मी मागोमाग गेले. बंद ऑफिसात खिडकीपाशी हे एकटेच बसले होते, डोळ्याला भिंग लावून काडेपेटीएवढं चित्र रंगवत! केस खारीच्या शेपटीचे, ब्रशसाठी. हसू दाबत घरी आले.

आता माझंही सांगते. हे गेले की मी कादंबरी लिहिते. वही पिठाच्या डब्यामागे असते, कोणाला पत्ता नाही.

आज हे अंघोळीला गेल्यावर मी त्यांची बॅग उघडली. चित्रात स्वयंपाकघर, लिहिणारी पाठमोरी बाई आणि गॅसवर उतू जाणारं दूध. ताई, आमच्याकडे दूध कधीच उतू गेलं नाही. ते फक्त माझ्या कादंबरीत जातं.

म्हणजे हे वही वाचतात! काल निघताना म्हणालेसुद्धा, "उशीर होईल, निवांत बस." तेव्हाच मला कळायला हवं होतं.

हे पत्र टाकत नाही. वहीतच ठेवते, सापडेल त्यांना. पण तिसऱ्या प्रकरणात मी नवऱ्याला मारलंय, तो काही जिवंत होणार नाही. आणि शनिवारी त्यांनी घरी थांबायचं नाही.

तुमची,
भावजय