व्हय म्हाराजा म्हणायची जागा

।। श्री ।।

मुलुंड पूर्व,
ता. १९ डिसेंबर १९८८

चि. सौ. रत्नप्रभास सुगंधावैनीचे पोटभर आशीर्वाद.

काल सगळ्यांच्या आधी आला तो दत्ताराम. आपल्या गावकरी मंडळाचा चिटणीस झाल्यापासून त्याचं घड्याळ पुढेच पळतं. सभा पाचाची, हा चारला दारात. मी पदराला पीठ लागलेली, आंबोळ्या घालतेय. उभ्या उभ्या तीन खाल्ल्यान आणि चौथी उचलताना म्हणाला की वैनी, माझ्यासाठी काही करू नका. बायको घरी जेवायला घालते की नाही ते एकदा विचारायला हवं.

सभा कशाची, तर सव्वीस जानेवारीच्या सत्यनारायणाची. पूजा आहे, भटजी आहे, मांडव आहे, पण गाऱ्हाणं घालायला माणूस नाही. इतकी वर्षं आपल्या लवू भावोजींनी घातलं. त्यांचं घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला, तुम्ही दोघं गावी जाऊन राहिलात, तेव्हापासून ती जागा रिकामीच. गेल्या वर्षी आरती झाली आणि सगळे मुकाट्याने प्रसादाच्या रांगेत लागले. काहींना तर तेच बरं वाटलं, वेळ वाचतो म्हणे. वेळ वाचवून घरी जाऊन काय करतात, तर टीव्ही बघतात. दत्ताराम म्हणाला की यंदाही चुकलं तर पुढच्या वर्षी कोणी विचारणारसुद्धा नाही. एकाने देवापुढे मागणं मागायचं आणि सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हणून गरजायचं, हे आपल्या पोरांना कळायचंच नाही.

मग काय, माझं तोंड उघडलं. श्यामसुंदर डोळे वटारत होता, पण मी त्याची आई आहे, तो माझा बाप नाही. मी सांगून टाकलं की आमचा अनंत घालील. नातू म्हणून सांगत नाही, पण त्याने गॅलरीतून रिक्षाला हाक मारली तर शेजारच्या बिल्डिंगची दारं उघडतात. खोट एवढीच की त्याची मालवणी पाहुण्यासारखी आहे, येते आणि लगेच जाते. म्हणून त्याला कागद हवा. तर भावोजींना सांग, गाऱ्हाणं लिहून पाठवा. अनंतची पाठची सुलक्षणा ते कॉम्प्युटरवर छापील.

कॉम्प्युटर म्हणजे टीव्हीला टाइपरायटर चिकटवावा तसं यंत्र. स्टेशनजवळच्या चंद्रप्रकाशच्या ऑफिसात आहे, तिथेच ती नोकरीला आहे. दसऱ्याला मी जाऊन त्याला हळदकुंकू लावून आले. चंद्रप्रकाश ओरडत होता की आजी, बटणांवर नको. बटणांवर नाही लावलं, डोक्यावर लावलं. मराठी अक्षरं हिरवी हिरवी उमटतात आणि चुकली तर खोडावं लागत नाही, नाहीशीच होतात.

गाय कशी आहे? उत्तर लवकर धाड. माया आहे तशीच राहू दे, पातळ करू नको.

तुझी
सुगंधावैनी

~

।। श्री ।।

कणकवलीजवळून,
ता. २९ डिसेंबर ८८

ती. सुगंधावैनीस रत्नप्रभेचा कृ. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. ह्यांना वाचून दाखवलं. आधी काठी आपटली. मग पाटीवर लिहिलं की गाऱ्हाणं कागदावरून घालायला ते काय रेशनचं कार्ड आहे. ऑपरेशनपासून पाटीवरच बोलतात, आणि तुम्हाला सांगते, पूर्वीपेक्षा जास्त बोलतात.

दोन दिवस जेवणावर राग काढला. मी सोलकढीत मीठ कमी घातलं. तिसऱ्या दिवशी आपणच कागद मागितला आणि बसले. ओठ हलायचे, मग हात चालायचा. मध्येच थांबून भिंतीकडे बघायचे. लिहून झाल्यावर कागद माझ्यापुढे ठेवला.

सोबत पाठवते आहे. पण अट आहे. सव्वीसला ते स्वतः येणार, तेव्हाच डॉक्टरलाही दाखवायचं आहे. शेजारचा कुंडलिक सोबत येईल. म्हणतात की लोकांचं व्हय एकदा जरी भलत्या ठिकाणी पडलं तर सगळ्यांसमोर दत्तारामाच्या हातून कागद फाडायला लावीन, आणि गाऱ्हाणं माझ्याबरोबर संपलं असं समजा. नुसतं बोलणं नाही हे, वैनी. हे तसे आहेत. ते संपलं असं झालं तर हेही घरी येऊन काही बोलणार नाहीत, पाटीवरसुद्धा.

मला येता येणार नाही, गाय आज-उद्याला आली आहे. अनंताला सांभाळून घ्या. लहानांवर लोभ करताच, माझ्यावरही थोडा ठेवा.

आपली
रत्नप्रभा

~

।। श्री ।।

मुलुंड पूर्व,
ता. ९ जानेवारी १९८९

चि. सौ. रत्नप्रभास अनेक आशीर्वाद.

भावोजींना हे पत्र वाचून दाखवू नकोस. आधी तू वाच, मग ठरव.

गेल्या गुरुवारी आमच्याकडे तालीम झाली. मंडळाची दहा-बारा माणसं, दत्ताराम धरून, म्हणजे खाण्यापुरता तेरावा. सुलक्षणाने कागद आणला तेव्हा मी तिची दृष्टच काढली. पेपरात छापतात तसा, डावी कड सरळ, उजवी कड सरळ, जसा काही गवंड्याने ओळंबा लावलाय. सगळ्यांनी हातोहात फिरवून पाहिला. दत्ताराम म्हणाला की झकास, आता कुठे आपलं मंडळ मुंबईतलं वाटतं.

मग अनंत उभा राहिला. बा देवा म्हाराजा म्हटलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, हुबेहूब भावोजी. पुढची ओळ चांगली गेली. आणि मग तो म्हणाला की कोणाच्या घरात आजारपण येवक, आणि थांबला. तो थांबला तशी सगळ्यांनी दणदणीत आवाजात व्हय म्हाराजा ठोकलं. मागाहून तो म्हणाला, देव नको. म्हणजे येऊ देऊ नको यातलं देऊ नको मागेच राहिलं.

अगं, पुढे तर वाटच लागली. कोणाची नोकरी जावक, व्हय म्हाराजा. भावाभावांत तंटो होवक, व्हय म्हाराजा. दत्ताराम तर डोळे मिटून, हात जोडून, सगळ्यात मोठ्याने. आजारपण, बेकारी आणि भांडणं आम्ही एकमुखाने देवाकडे मागून घेतली. आधी मी पदर तोंडात धरला, मग सगळीच हसायला लागली, आणि सुलक्षणा रडत आत गेली. हसू लगेच विरलं. दत्ताराम चपला घालताना म्हणाला की वैनी, लवूदादांसमोर हे झालं तर मी कागद फाडणार नाही, मीच फाटेन. तो आंबोळी न खाता गेला, यावरून तू समज.

अनंतचा दोष नाही. पुढचं तिचं तीच लिहील, मला धड सांगता येत नाही.

ती. धाकट्या आजीस सुलक्षणाचा शि. सा. नमस्कार. आजी, चूक माझी. दोन्ही कडा सरळ दिसाव्यात म्हणून मी तशी सोय चालू ठेवली. मग ओळीत शब्द कमी पडले की मशीन आपणच मधली जागा ताणतं. येवक आणि देव यांच्यात केवढी तरी मोकळी जागा पडली, आणि अनंतदादाला वाटलं की श्वास तिथेच घ्यायचा. ते बंद केलं. एक मागणं, एक ओळ, असं केलं. मग उजवीकडे व्हय म्हाराजा लिहायला गेले. क्लासमध्ये टाइपरायटरवर शिकले तसं लांब पट्टी दाबत दाबत शब्द सरकवले. पडद्यावर एकाखाली एक दिसले, छापून आले ते शिमग्यात झिंगल्यासारखे. टाइपरायटरचं प्रत्येक अक्षर सारख्या रुंदीचं, इथे छापताना क्ष रुंद आणि र अरुंद. चंद्रप्रकाशसर म्हणाले की पट्टीला हात लावू नकोस, टॅब लाव, म्हणजे ओळ कुठेही संपो, पुढचा शब्द ठरल्या जागीच जाऊन बसेल. तसं केलं. आता सगळे व्हय एका रांगेत आहेत.

मी पुन्हा सुगंधावैनी. पाहिलंस ना, रडून झाल्यावर पोरगी दोन दिवस ऑफिस सुटल्यावर थांबली. सुधारलेला कागद सोबत आहे. आता उजवी कड वेडीवाकडी दिसते, कुठे ओळ लांब, कुठे आखूड. भावोजींना ते गबाळं वाटेल का, एवढीच धास्ती. तुला योग्य वाटेल तेव्हा, पोट भरलेलं असताना, दाखव.

इकडून माया धाडते आहे, तिकडून वसूल कर.

सुगंधावैनी

~

।। श्री ।।

कणकवलीजवळून,
ता. १६ जानेवारी ८९

ती. सुगंधावैनीस कृ. सा. न. वि. वि.

तुमचं आणि सुलक्षणेचं, दोन्ही वाचून दाखवलं. तालमीचंही. लपवलं असतं तर माझ्या तोंडावरून कळलंच असतं. हे हसले. आवाज नाही, नुसते खांदे हलतात. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच पाहिलं, म्हणून मी तेवढं पुन्हा वाचलं.

वेड्यावाकड्या कडेचं काही वाटलं नाही. पाटीवर लिहिलं की मागणं कधी लांब असतं, कधी आखूड, कड सरळ कशी असेल. बोट लावून पूर्ण कागद ओठांनी म्हणून पाहिला. मग कपाळाला आठी. ओळी फार खेटून आहेत म्हणे. अनंत एक संपली की दुसरीवर उडी मारील. लोकांचं व्हय घुमतं, तेवढं घुमून खाली बसू द्यायचं, तोवर देवाकडे बघायचं, लोकांकडे बघायचं. त्याला कागदावर जागा कुठे आहे? सुलक्षणेला सांगा, दर व्हयनंतर एक ओळ कोरी सोड. यंत्राला ते जमतं का विचारा.

कागद फाडायचं मात्र अजून रद्द केलेलं नाही. कपडे इस्त्री करून ठेवलेत.

गाय व्याली. पाडी झाली. सगळ्यांस यथायोग्य. आठवण येते तशी आठवण करत जा.

आपली
रत्नप्रभा

~

।। श्री ।।

मुलुंड पूर्व,
ता. २८ जानेवारी १९८९

चि. सौ. रत्नप्रभास आणि नव्या पाडीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र पोचेल तोवर भावोजी घरी आले असतील, पण ते पाटीवर सांगून सांगून किती सांगणार. आणि कुंडलिकावर विसंबू नको, तो पूजेत खांबाला टेकून झोपला होता. म्हणून मीच लिहिते.

डॉक्टरने ठीक सांगितलंय, ते आधी. पूजेच्या दिवशी भावोजी सकाळपासून इस्त्रीच्या कपड्यांत. मी चहा दिला तर सांडेल म्हणून उभ्याने प्यायले. मांडवात त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती, ती उचलून स्वतःच देवासमोर एका बाजूला लावली, म्हणजे अनंत आणि माणसं दोन्ही दिसावीत. दत्ताराम घामाघूम. थंडीचे दिवस, आणि त्याच्या सदऱ्यावर महाराष्ट्राचा नकाशा उमटलेला.

सुलक्षणाने कागद दिला होता तो बघण्यासारखा होता. ओळी ऐसपैस, दर व्हयनंतर कोरी जागा, अंगणात खुर्च्या मांडाव्यात तशी. कोऱ्या ओळींमुळे कागद दुप्पट लांब झाला, तर तिने तो कापलाच नाही. त्या यंत्राचा कागद लांबच लांब असतो, कडेला भोकांची पट्टी असलेला. अनंतने तो धरला तर खालचं टोक सत्यनारायणाच्या पाटापर्यंत. भटजींनी वळून बघितलं की हे काय आलं. मी त्यांना सांगितलं की तुमची पोथी दुमडायची, आमची सोडायची.

अनंतने नारळ हातात घेतला. बा देवा म्हाराजा. पहिलं व्हय जरा बावचळलेलं आलं, दोन वर्षांची सवय गेलेली. तो थांबला. कोरी ओळ होती ना, थांबायलाच हवं. तेवढ्यात मागच्यांनी गळे साफ केले. दुसरं व्हय आलं ते मांडवाचं कापड हललं. तिसऱ्याला आमच्या सोसायटीची पोरं खेळ टाकून आली. आजारपण येवक देव नको. अखंड म्हटलं गं, एका श्वासात, आणि मग व्हय म्हाराजा. माझा जीव भांड्यात पडला. मी भावोजींकडे बघितलं तर ते कागदाकडे बघतच नव्हते. ते माणसांची तोंडं बघत होते, एकेक करून, आणि दर व्हयला त्यांचे ओठ पुरे उघडत होते.

अर्ध्यावर आल्यावर अनंतनेही मान वर केली. कोऱ्या ओळीत त्याला वर बघायला वेळ मिळत होता. शेवटची चार-पाच मागणी त्याने कागदावरची नजर काढूनच म्हटली. मुंबयच्या लेकरांक गाव इसराक देव नको, आणि गावाक लेकरा इसराक देव नको, हे म्हणताना त्याचा आवाज जरा हलला. पण थांबला बरोबर जागी.

प्रसादाची वेळ झाली. कोणी रांगेत जाईना. सगळ्यांना ठाऊक होतं की निकाल लागायचाय. भावोजी उठले, अनंतच्या हातातून कागद घेतला. दत्ताराम पुढे येऊन हात जोडून उभा, आता फाड म्हणतील म्हणून. भावोजींनी कागद खालून वर, घडीवर घडी घालत नीट दुमडला आणि त्याच्याकडे न देता स्वतःच्या खिशात ठेवला. मग पाटी मागितली. अनंतला लिहून दाखवलं की पुढच्या खेपेस कागद नको, तुझं पाठ झालंय. आणि खाली सुलक्षणेसाठी वेगळं, की हा मी माझ्यासाठी नेतो, लोक गरजतात ती जागा कोरी कशी दिसते ते मला माहीत नव्हतं. पोरगी पुन्हा रडली. ह्या वेळी मी आत जाऊ दिलं नाही, जिलब्या वाटायला बसवलं.

वाकोल्याच्या मंडळाची दोन माणसं आली होती, त्यांनाही गाऱ्हाणं असंच छापून हवंय. चंद्रप्रकाशला विचारते. आणि दत्ताराम किती जेवला ते लिहीत नाही, तुझा विश्वास बसायचा नाही.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवायची नाही. एस.टी.त बसायच्या आधी भावोजींनी मला पाटी दाखवली. त्यांनी पाठवलं ते धाकटं गाऱ्हाणं होतं. देवळातलं मोठं गाऱ्हाणं त्यांनी लिहिलंच नव्हतं, कारण घ्यायला कोणी आहे असं वाटलं नव्हतं. ते कागदावर उतरवणार नाहीत, अनंतला समोर बसवून ओठांवरून शिकवणार आहेत. आवाजाशिवाय कसं शिकवतात ते मला बघायचंच आहे. ते शिकवायला इकडे येतील तेव्हा तूही ये. पाडीला सांभाळायला कुंडलिक आहे, तिथे झोपला तरी चालेल.

इथे सगळी सुखी आहेत, तिथेही तसंच असू दे, आणि मधल्या अंतराला आपण दोघी विचारत नाही, हे ध्यानात ठेव.

तुझी
सुगंधावैनी

ता. क. पाडवा झाल्यावरचा पहिला रविवार, नऊ एप्रिल. त्या दिवशी सकाळच्या गाडीने येतो असं भावोजींनी लिहून दिलंय.